बिऱ्हाड हलतं तेव्हा

तात्पुरती वस्ती कशी उभारायची हे उज्जैनला कुणी शिकवायला नको. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि क्षिप्रेकाठची शेतं महिनाभरासाठी शहर होतात. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिल ते २१ मे असा भरला. त्यासाठी सुमारे तीन हजार हेक्टर जमीन आखून घेतली होती. आखाड्यांना जागा नेमून दिल्या, नळ, दिवे, शौचालयं, दवाखाने, पोलीस चौक्या सगळं बसवलं. ५ मेला वादळी पावसानं मांडव कोसळले, माणसं दगावली, चिखल झाला; पण मेळा पुढे चालू राहिला, आणि संपल्यावर सगळं उतरवलं गेलं. पुढच्या पावसात त्याच जमिनीत शेतकऱ्यानं सोयाबीन पेरलं.

शेतकरी जमीन देतो, कारण ती परत कधी मिळणार हे त्याला ठाऊक असतं. २०२८ च्या सिंहस्थासाठी मेळ्याच्या जमिनीवर कायमची बांधकामं करायची योजना २०२५ मध्ये पुढे आली, तेव्हा याच शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला आणि वर्षअखेर सरकारला ती मागे घ्यावी लागली. एका हंगामासाठी जमीन द्यायला त्यांची ना नव्हती. हंगाम संपणारच नसेल, तर मात्र बोलणंच वेगळं.

या प्रकरणाचा विषय मेळ्यापेक्षा फार लहान आहे. घराला इजा झाली, राहण्याजोगं उरलं नाही, अशा वेळी एका कुटुंबानं काही महिने राहायचं कुठे? मात्र मेळ्याची गोष्ट इथेही लागू पडते. तात्पुरत्या घराचं बरंवाईट छपरावर थोडं आणि मुदतीवर फार अवलंबून असतं.

उज्जैनच्या जुन्या भागातली घरं मराठी वाचकाला परकी वाटू नयेत. राणोजी शिंद्यांनी अठराव्या शतकात उज्जैनला आपलं ठाणं केलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचं मंदिर पुन्हा उभं केलं. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेली. पुढे त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी गोपाळ मंदिर बांधलं. या काळात कारकून, भिक्षुक, सावकार अशी किती तरी मराठी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. त्यांची घरं मराठी वाड्यांच्या चुलत भावंडांसारखी होती: सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटा आणि माती, वर चुना, आत लहानसा चौक.

असं घर दीड-दोनशे वर्षं टिकतं, पण एका अटीवर. भिंतीत पाणी मुरता कामा नये. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया दरवर्षी इंचाच्या काही भागानं वरखाली होतो, भिंतीला बारीक तडे जातात. पन्हाळ फुटलेली असते, शेजारच्या नव्या इमारतीच्या गच्चीचं पाणी याच भिंतीवर पडतं, मधली माती भिजून मऊ होते आणि एक दिवस भिंतीला पोट येतं. गवंडी ते लांबून ओळखतो. पोट आलेली भिंत मुसळधारेतच पडते असं नाही. पुष्कळदा दोन दिवस उघाड पडते, माणसं निर्धास्त होतात, आणि तेव्हा ती बसते.

जुन्या उज्जैनमधल्या सिंहपुरीतलं एक कुटुंब धरून चालू. आजी, आई-वडील, दोन शाळकरी मुलं. ऑगस्टमधल्या एका पहाटे मागची भिंत स्वयंपाकघरासकट बसली. माणसं पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. समोरच्या घरातून हाक येते: "काकीजी, पहले बच्चों को इधर भेजो, सामान बाद में देखेंगे." पहिल्या रात्रीचा प्रश्न असा सुटतो. भारतात तो जवळजवळ नेहमी असाच सुटतो. सरकारी छावण्यांची संख्या मोजली जाते, पण शेजाऱ्याच्या ओसरीवर किंवा मामाच्या घरी किती माणसं गेली हे कोणत्याच तक्त्यात येत नाही.

केरळनं यात एक शहाणपणाची गोष्ट केली. वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ ला दरड कोसळल्यावर सरकारनं बाधित कुटुंबांना महिना ६,००० रुपये घरभाडं जाहीर केलं आणि नातेवाइकांकडे राहायला गेलेल्यांनाही ते लागू केलं. बहिणीच्या घरी चार माणसं महिनोन्‌महिने राहतात तेव्हा बहिणीच्याही घराचं गणित बिघडतं. वरवर कुणी काही बोलत नाही. न्हाणीघराबाहेरची सकाळची रांग मात्र सगळं बोलते.

आपल्या कुटुंबापुढे दुसऱ्या दिवशी दोन कामं असतात आणि त्यांचा क्रम चुकला की महागात पडतं. पहिलं काम कागदाचं. मलबा हलवायच्या आधी पंचनामा व्हायला हवा. मध्य प्रदेशात हे पटवारी आणि नगर निगमचा अभियंता मिळून करतात, आणि मदत ज्या नियमाखाली मिळते त्याला तिथला प्रत्येक जण 'छह-चार' म्हणतो, म्हणजे राजस्व पुस्तक परिपत्रकाचा ६-४ हा भाग. पंचनाम्यात भिंत 'अतिवृष्टीनं' पडली की 'जीर्ण झाल्यानं' पडली, या दोन शब्दांवर सगळं ठरतं. आपत्ती निधी नैसर्गिक आपत्तीसाठी आहे, म्हातारपणासाठी नाही. म्हणून फोटो काढावेत ते सगळं जागच्या जागी असताना, ओल दिसेल असे, आणि त्या आठवड्याच्या पावसाच्या बातमीचं कात्रणही जवळ ठेवावं.

मिळतं किती? केंद्राच्या आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ या काळाचे निकष पाहिले तर सपाट प्रदेशात घर पूर्ण उद्ध्वस्त झाल्यास १ लाख २० हजार रुपये, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. पक्क्या घराची अंशतः, किमान १५ टक्के, हानी असेल तर ६,५०० आणि कच्च्या घराची असेल तर ४,०००. घर पूर्ण गेलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली राहिलं, तर कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५०० आणि भांड्याकुंड्यांसाठी २,५००. बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला लागतो. जुन्या शहरात नकाशा मंजूर झालेलं घर शोधावं लागतं, ही गोष्ट वेगळी. आणि या यादीत घरभाड्याचं कलमच नाही. छावणी उघडली तर तिचा खर्च निघतो, पण एकट्या कुटुंबाची भिंत पडली म्हणून कुणी छावणी उघडत नाही. शंभर घरं पडली तर सरकार दारात येतं. एक पडलं तर आपण सरकारच्या दारात जायचं.

घरभाड्याची सोय दुसरीकडे आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी विकायला लावली. आग, पूर, वादळ, भूकंप यांनी घर राहण्याजोगं उरलं नाही, तर पर्यायी घराचं भाडं त्यात धरलेलं आहे. नुसत्या झिजेनं पडलेल्या भिंतीला अर्थातच नाही. आपल्याकडे गाडीचा विमा कायद्यानं काढावा लागतो म्हणून काढतात. घराचा काढायचा असतो हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

भाडेकरू असाल तर तिसराच मुद्दा. मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या भाडे नियंत्रण कायद्यात इमारत धोकादायक म्हणून किंवा दुरुस्तीसाठी रिकामी करून घेता येते, पण दुरुस्तीनंतर परत येण्याचा हक्कही त्यात ठेवलेला आहे. तो आपोआप मिळत नाही. परत यायचं आहे असं वेळेत सांगावं लागतं, आणि ते तोंडी सांगून भागत नाही. निगमची नोटीस आली म्हणून घाईघाईनं सामान काढून किल्ली मालकाच्या हातात देणारा भाडेकरू स्वतःच्या हातानं तो हक्क सोडून देतो.

दुसरं काम घर शोधण्याचं, आणि ते उज्जैनमध्ये अलीकडे अवघड झालं आहे. ११ ऑक्टोबर २०२२ ला महाकालेश्वर मंदिराजवळच्या 'महाकाल लोक' संकुलाचं उद्घाटन झालं आणि यात्रेकरूंचा ओघ कित्येक पटींनी वाढला. मंदिराच्या आसपास ज्या खोल्या महिन्याच्या भाड्यानं जात, त्या आता रात्रीच्या दरानं जातात. शनिवार-रविवारी दोन रात्रींत जेवढं सुटतं, तेवढं भाडेकरू महिनाभर देत नाही. घरमालकाला दोष तरी काय द्यायचा? त्यातच मंदिर परिसराच्या विस्तारासाठी आणि रस्तारुंदीसाठी घरं गेली. जानेवारी २०२५ मध्ये निजामुद्दीन कॉलनीतली अडीचशेच्या आसपास बांधकामं मोबदला देऊन पाडली गेली. रस्तारुंदीत सापडलेल्या घरांचा प्रकार आणखी विचित्र. पुढची आठ-दहा फुटं कापली जातात आणि मागे उरलेल्यात कुटुंब राहत असतं. रस्त्यावरून पाहिलं तर दुसऱ्या मजल्यावरचा देवाचा कोनाडा उघड्यावर आलेला दिसतो, त्याच्या खालचा हळदी-कुंकवाचा डाग तसाच असतो, आणि आतल्या दाराला ताडपत्री बांधून तिच्यामागे गॅसवर चहा चालू असतो.

धर्मशाळा आहेत की, असं कुणीही म्हणेल. आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण त्या यात्रेकरूंसाठी. साधारण तीन दिवसांची रीत, स्वयंपाकाला मनाई किंवा मर्यादा, श्रावणातल्या सोमवारी तर पाय ठेवायला जागा नाही. भिंती पडण्याचे दिवस आणि महाकालाच्या सवारीच्या गर्दीचे दिवस नेमके एकच असतात. त्यामुळे आपल्या कुटुंबापुढे खरे पर्याय उरतात दोन. गावातच, पण लांब, नानाखेड्याकडे किंवा नागझिरीकडे बरी जागा. नाहीतर जवळच, दोन गल्ल्या सोडून, एक अंधारी खोली.

मन सहज पहिल्याकडे झुकतं. इथे जगाचा अनुभव काय सांगतो ते पाहू, कारण या चुकीची किंमत काही ठिकाणी फार मोठी मोजली गेली आहे.

जपानमधल्या कोबे शहराला १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. प्रशासनानं झपाट्यानं सुमारे ४८ हजार तात्पुरती घरं बांधली. जागा मिळाली ती शहराच्या कडेला, भराव टाकलेल्या बेटांवर. घरं वाटली सोडतीनं, आणि वृद्ध, अपंग यांना प्राधान्य देऊन. यात खोट काढायला जागा दिसत नाही. पण परिणाम असा झाला की म्हातारी माणसं आपली गल्ली, आपला भाजीवाला, आपला डॉक्टर सोडून अनोळखी म्हाताऱ्यांच्या रांगेत जाऊन पडली. कित्येक जण त्या घरांत एकाकी मेले आणि काही तर दिवसांनी सापडले. पुढे २००४ च्या निइगाता भागातल्या भूकंपानंतर जपाननं शक्य तिथे वस्तीच्या वस्ती एकत्र हलवली. छप्पर तेच, पण शेजार जुना.

आपल्या कुटुंबातल्या आजीला हे वेगळं सांगायला नको. तिचा दिवस गल्लीनं धरलेला असतो. दळण, दर्शन, समोरच्या घरातली थोरली सून, औषधाच्या दुकानातला ओळखीचा मुलगा. नानाखेड्याच्या तिसऱ्या मजल्यावर फरशी चकचकीत असेल, पण आजी खाली उतरणार नाही. मुलांची शाळा लांबते आणि रिक्षाचा खर्च भाड्याच्या वर बसतो. सर्वांत मोठं म्हणजे पडलेल्या घरावरची नजर सुटते. तुळया, दारं, जुनं सागवान रात्रीत जातं. जवळची अंधारी खोली गैरसोयीची असेल, तरी बांधकामावर दिवसातून दोनदा चक्कर होते आणि गवंड्याला ते ठाऊक असतं. माझं मत विचाराल तर पहिल्या सहा महिन्यांसाठी जवळचीच खोली घ्यावी.

कागदपत्रांचंही तसंच. समग्र आयडी (मध्य प्रदेशातला कुटुंबाचा ओळख क्रमांक), रेशन, गॅस, शाळेचा दाखला, सगळ्यांवर जुना पत्ता आहे. तो बदलायची घाई करू नये. पत्ता पूर्ण बदलला की नुकसानीच्या अर्जावर 'अर्जदार तिथे राहत नाही' असा शेरा मारायला निमित्त मिळतं. जुन्या घराचा वीज मीटर मात्र लगेच अधिकृतपणे बंद करून घ्यावा. ओल्या भिंतीतली जिवंत तार पडक्या घरातल्या दुसऱ्या अपघाताला पुरेशी असते.

आता मुदतीकडे येऊ. महाराष्ट्रानं या बाबतीत जे भोगलं आहे त्यावर एक स्वतंत्र पुस्तक होईल.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. शाळांमध्ये आसरा घेतलेल्या कुटुंबांसाठी निसेन हट उभ्या राहिल्या. अर्ध्या पिंपासारख्या या पत्र्याच्या झोपड्या पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, पीटर निसेन या लष्करी अभियंत्यानं सैनिकांसाठी काढल्या होत्या. चार-सहा माणसांनी काही तासांत उभी करावी आणि उतरवून दुसरीकडे न्यावी, ही त्यांची खुबी. पुण्यात उभी करणं जमलं, उतरवणं रेंगाळलं. गोखलेनगरसारख्या वसाहती पूरग्रस्तांसाठी वसल्या, आणि पूरग्रस्तांच्या सोसायट्यांचा जमिनीच्या मालकीचा प्रश्न नातवंडांपर्यंत चालत आला. छप्पर मिळालं, पण ते कोणत्या कागदावर आणि कधीपर्यंत, हे ठरवायचं राहून गेलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, यांनी झोपेतल्या माणसांना गाडलं. वाचलेल्यांना पत्र्याच्या शेड मिळाल्या आणि ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली दुपार काढणं म्हणजे काय, ते तिथल्या बायांना विचारावं. त्या झाडाखाली चूल मांडत. लोक मुकाट्यानं राहिले, कारण दगड-मातीच्या घराची धास्ती पत्र्याच्या उन्हापेक्षा मोठी होती. माळीणचं गाव ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, आणि नवं माळीण लोकांच्या हाती आलं ते एप्रिल २०१७ मध्ये. इरसालवाडीच्या लोकांना जुलै २०२३ च्या दरडीनंतर चौक गावाजवळ कंटेनरमध्ये राहावं लागलं. ही वाट लांब होती, पण तिच्या टोकाला घर बांधलं जात होतं आणि ते डोळ्यांना दिसत होतं.

टोक न दिसणारी वाट पाहायची तर मुंबईला जावं. जुन्या चाळी कोसळू लागल्या म्हणून १९६९ च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ स्थापन झालं. दुरुस्तीसाठी उपकर लावलेल्या इमारती तेव्हा १९,६४२ होत्या. धोकादायक इमारतीतल्या रहिवाशांना काही काळापुरतं हलवायला संक्रमण शिबिरं बांधली. गिरगाव, लालबागची माणसं सायन, कन्नमवारनगर, बोरिवलीकडे गेली. चाळ पुन्हा बांधली गेली नाही, किंवा बांधता येईल एवढी जागाच उरली नाही, आणि ज्यांना दोन-तीन वर्षं सांगितली होती त्यांची मुलं शिबिरातच लहानाची मोठी झाली, शिबिरातून नवरदेव होऊन निघाली. मग ज्यांची चाळ पुन्हा उभी राहणार नाही अशांची 'बृहत्सूची' आली, घुसखोर आले, खोल्यांचे बेकायदा व्यवहार आले. आता तर संक्रमण शिबिरांच्या इमारतीच मोडकळीला येऊन त्यांचा पुनर्विकास काढावा लागतो. तात्पुरत्या घरातल्यांना हलवायला आणखी तात्पुरती घरं!

सॅन फ्रान्सिस्कोनं १९०६ च्या भूकंपानंतर वेगळी वाट काढली होती. बागांमध्ये लाकडाची ५,६१० छोटी घरं बांधली. महिना दोन डॉलर भरायचे, आणि ते पैसे घराच्या किमतीत वळते होत. घर आपलं झालं की घोडागाडीवर चढवून स्वतःच्या जागेत न्यायचं, अशी अट. बागा रिकाम्या करायची निकड होती, म्हणून माणसांना घर सोडा असं न सांगता घरासकट जा असं सांगितलं. सुमारे दोन वर्षांत छावण्या उठल्या.

आपलं सिंहपुरीतलं कुटुंब घोडागाडीवरून घर नेऊ शकत नाही, पण मुदत बांधून घेऊ शकतं. घरमालकाशी अकरा महिन्यांचा करार होतोच; त्यात आणखी तीन महिने त्याच भाड्यानं राहता येईल अशी ओळ घालून घ्यावी, आणि सिंहस्थाच्या किंवा सणाच्या नावाखाली मधेच भाडं वाढणार नाही हेही. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद मालकानं केली आहे ना, ते बघावं. नोंद नसेल तर अडचणीच्या वेळी तुम्ही तिथे राहतच नव्हता असं होतं. भावकीचं घर असेल तर सर्वांच्या सह्या आधी घ्याव्यात. मोबदल्याच्या वेळी सगळे असतात, बांधकामाच्या खर्चाला एकच असतो, आणि हा वाद निघाला की भाड्याची खोली पाच वर्षं सुटत नाही.

गवंड्याशीही तारखेनंच बोलावं. माळव्यात पाऊस सप्टेंबरअखेर ओसरतो. दसऱ्याला मलबा निघाला आणि दिवाळी करून पाया धरला, तर होळीपर्यंत भिंती वर येतात. मार्च-एप्रिलमध्ये मजूर लग्नसराईला आणि गव्हाच्या कापणीला गावी जातात. ते दिवस हिशेबात आधीच वजा करून ठेवावेत. स्लॅब मेच्या पहिल्या पंधरवड्यात पडायला हवा, म्हणजे पाणी मारायला तीन आठवडे मिळतात आणि मृगाच्या आत गिलावा होतो. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यावेत, आणि सर्वांत मोठा टप्पा स्लॅबनंतरचा ठेवावा, आधीचा नाही. मेमधला स्लॅब जूनवर गेला की पाऊस लागतो, सेंट्रिंग तसंच उभं राहतं, त्याचं भाडं वेगळं चढतं, आणि खोलीचा करार आणखी एका वर्षासाठी नवा करावा लागतो.